सापडले, पण काहीच नाही

'बअअक' ही चार अक्षरे घ्या आणि संगणकाला सांगा, की यात 'अ*' जिथे जिथे सापडेल तिथे त्याच्या जागी एक आडवी रेघ घाल. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या भाषेत 'अ*' म्हणजे शून्य किंवा कितीही अ. हे काम सेड या युनिक्सच्या साधनाला दिले तर '-ब-क-' मिळते. पर्ल या भाषेला दिले तर '-ब--क-' मिळते. पायथनला देण्याआधी त्याची आवृत्ती विचारावी लागते: ३.६ पर्यंतचे पायथन सेडसारखे उत्तर देते, ३.७ पासूनचे पर्लसारखे.

एवढ्याशा कामात एवढी मतभिन्नता कशी, हे कळायला आधी जुळणी कुठे कुठे होते ते पाहू. ब च्या आधी एकही अ नाही. पण 'शून्य अ' ही अट तिथे पुरी होते, म्हणून जुळणी झाली. तिची लांबी शून्य. हीच रिकामी जुळणी. पुढे 'अअ' ही दोन अक्षरांची भरीव जुळणी. शेवटी क च्या नंतर पुन्हा एक रिकामी. इथपर्यंत सगळे एकमताने चालतात. वाद आहे तो दुसरा अ आणि क यांच्यामधल्या सांध्याचा. 'अअ' ही जुळणी नेमकी तिथेच संपली आहे. आता त्याच सांध्यावर 'शून्य अ' पुन्हा सापडले असे म्हणायचे, की ती आधीच्याच जुळणीची शेपटी समजून सोडून द्यायची? सेड सोडून देते. पर्ल मोजते.

गणिताकडे याचा निवाडा नाही. एखादी अक्षरमाळ नमुन्यात बसते की नाही, एवढेच गणित सांगते. एका ओळीतल्या सगळ्या जुळण्या कशा मोजाव्यात हा व्यवहाराचा प्रश्न आहे आणि तो ज्याने त्याने आपापल्या कोडमध्ये सोडवला. म्हणून याचे उत्तर शोधायचे तर सिद्धान्तापेक्षा वंशावळ धुंडाळावी लागते.

वंशावळीच्या मुळाशी स्टीफन क्लेनी हे अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ आहेत. १९५१ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये काम करत होते. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याचे एक गणिती प्रतिमान मांडले होते. अशी जाळी कोणत्या प्रकारच्या घटना ओळखू शकतील, हा क्लेनींचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी 'रेग्युलर' घटनांची संकल्पना आणि ताऱ्याचे चिन्ह आणले. हे लेखन १९५६ मध्ये 'ऑटोमॅटा स्टडीज' या प्रिन्स्टनच्या ग्रंथात छापून आले. गंमत अशी, की क्लेनींचा तारा आपल्या ताऱ्यासारखा एकटा उभा राहत नव्हता. त्याला दोन बाजू लागत: 'क*ख', म्हणजे शून्य किंवा अधिक क आणि त्यानंतर एक ख. क एकदाही आला नाही तरी ख येणारच, त्यामुळे एकूण लांबी शून्य होण्याचा प्रश्नच नाही. पेशींच्या जाळ्यात घटना घडायची तर निदान एक क्षण तरी जायला हवा. शून्य क्षणांची घटना तिथे बसत नव्हती. ज्या चिन्हामुळे रिकाम्या जुळणीचा सगळा घोळ पुढे झाला, त्या चिन्हाच्या जनकाने तिला उंबऱ्याबाहेरच ठेवले होते.

ती आत आली १९५८ मध्ये. कोपी, एल्गॉट आणि राइट या तिघांनी क्लेनींच्या मांडणीची सुटसुटीत आवृत्ती केली, रिकामी अक्षरमाळ रीतसर मान्य केली आणि तारा एकट्याने वापरायला मोकळा केला. (यातले आयर्व्हिंग कोपी म्हणजे तर्कशास्त्राच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे लेखक, आपल्याकडे तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेल्या अनेकांनी ते हाताळलेले असते.) बीजगणिताच्या दृष्टीने हे योग्यच होते. बेरजेला जसे शून्य हवे, तसे अक्षरमाळा जोडायला रिकामी माळ हवी. कागदावर तिचा कोणाला त्रास नव्हता.

कागदावरून ती यंत्रात आणली केन थॉम्प्सन यांनी. बेल लॅब्जमधले थॉम्प्सन यांनी क्यूईडी या मजकूर-संपादकाच्या आपल्या आवृत्तीत रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधण्याची सोय केली आणि १९६८ मध्ये तिची पद्धत एका छोट्या निबंधात मांडली. नमुना दिला की त्यापासून थेट आयबीएम ७०९४ चा यंत्रसंकेत तयार होई. पुढे युनिक्सबरोबर त्यांचा एड हा संपादक आला, आणि एडमधल्या शोधाच्या आज्ञेतून १९७३ मध्ये ग्रेप वेगळे निघाले.

ग्रेपला रिकाम्या जुळणीचे काहीच वाटत नाही. त्याचे काम ओळ निवडणे. 'अ*' विचारले तर प्रत्येक ओळीत शून्य अ असतातच, म्हणून ते प्रत्येक ओळ छापते. उत्तर निरुपयोगी, पण बरोबर. प्रश्न चिघळतो तो 'आहे का?' सोडून 'सगळे दाखव' किंवा 'सगळे बदल' म्हटल्यावर. कारण सगळे म्हणजे एकापाठोपाठ एक, आणि पुढचा शोध मागची जुळणी संपली तिथून सुरू करायचा. मागची जुळणी शून्य लांबीची असेल तर ती सुरू झाली तिथेच संपली. पुढचा शोध पुन्हा तिथूनच, पुन्हा तीच जुळणी, पुन्हा तिथूनच. यंत्राला कंटाळा येत नाही. ते फिरत राहते.

एडमध्ये ओळीतल्या सगळ्या जुळण्या एकदम बदलायची सोय असल्यामुळे हा पेच तिथेच सोडवणे भाग होते, आणि तो ज्या काटकसरीने सोडवला आहे ती पाहण्यासारखी आहे. १९७९ च्या सातव्या युनिक्समधला एडचा सी कोड उघडला तर त्यात 'लॉक्स' नावाचा एक पॉइंटर भेटतो. मागची जुळणी जिथे संपली ती जागा त्यात नोंदलेली असते. ताऱ्याची पद्धत अशी, की आधी मिळतील तेवढे अ घ्यायचे आणि पुढचे जुळले नाही तर एकेक परत करत मागे यायचे. मागे येता येता 'लॉक्स'वर पोचलो तर तिथे थांबायचे आणि जुळणी नाही असे सांगायचे. बस्स, एक तुलना. सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या मॅन्युअलमध्ये या पॉइंटरचे प्रयोजन सरळ सांगितले आहे: एड आणि सेड ओळभर बदल करताना त्याचा उपयोग करतात, नाहीतर तारा लावलेले एखादे अक्षर 'सगळीकडून काढून टाक' ही आज्ञा कायमची फिरत राहील.

या एका तुलनेने दोन कामे केली. अखंड फेरा तुटला हे एक. तोच हेतू होता. दुसरे काम अनाहूत. मागची जुळणी रिकामी असो वा भरीव, तिच्या शेवटाला चिकटून नवी रिकामी जुळणी आता होऊच शकत नाही. 'अअ' संपले, 'लॉक्स' तिथे रोवला गेला, त्या सांध्यावर 'शून्य अ' नाकारले गेले. '-ब-क-' हे उत्तर असे जन्मले. सेड आणि ऑक या युनिक्सच्या साधनांनी तेच उत्तर पुढे चालवले. जीएनयूच्या कार्यकर्त्यांनी सेड नव्याने लिहिले तेव्हा कोड बदलला, पण वागणूक जपली. त्यांच्या चाचण्यांमध्ये नेमक्या याच नियमासाठी वेगळी चाचणी ठेवलेली आहे.

दुसऱ्या शाखेकडे वळू. १९८६ मध्ये टोरांटो विद्यापीठातले हेन्री स्पेन्सर यांनी रेग्युलर एक्स्प्रेशनची स्वतःची लायब्ररी लिहून यूझनेटवर सर्वांसाठी खुली केली. बेल लॅब्जच्या परवान्याची कटकट नको असलेल्या अनेकांनी ती उचलली. स्पेन्सर यांच्यापुढे पेचाचे दुसरे रूप होते. 'अ*' च्या बाहेर कंस घालून पुन्हा तारा लावला, म्हणजे '(अ*)*' लिहिले, तर आतला तारा शून्य अ जुळवतो आणि बाहेरचा तारा ते शून्य पुन्हा पुन्हा मागत बसतो. इथे फेरा ओळीवर नसून नमुन्याच्या पोटातच आहे. स्पेन्सर यांनी तोडगा काढण्यापेक्षा बंदी घातली. नमुना वाचतानाच त्यांचा कोड प्रत्येक तुकड्यावर एक खूण करी: हा तुकडा कधीच रिकामा जुळणार नाही अशी खात्री आहे, किंवा नाही. खात्री नसलेल्या तुकड्यावर तारा किंवा अधिक चिन्ह दिसले की सरळ चूक दाखवून काम बंद. क्लेनींनंतर तीस वर्षांनी रिकामेपणाला पुन्हा दाराबाहेर काढण्याचा हा प्रयत्न होता. प्रामाणिक होता, पण टिकणारा नव्हता.

पर्लचे जनक लॅरी वॉल यांनी १९८८ च्या पर्ल २ मध्ये स्पेन्सर यांचे इंजिन घेतले, आणि पर्लबरोबर ती बंदीही आली. पुढच्या काही वर्षांत पर्लचे इंजिन इतके बदलत गेले की मूळ ओळखू येऊ नये. १९९४ च्या पर्ल ५ मध्ये पुढे डोकावून पाहणारी अट आली: '(?=…)'. 'इथून पुढे अमुक आहे का ते बघ, पण एकही अक्षर खाऊ नकोस' असा तिचा अर्थ. आता रिकामी जुळणी हा केवळ ताऱ्याचा दुष्परिणाम राहिला नाही. लोक मुद्दाम ती मागू लागले, कारण तिच्यामुळे मजकुराऐवजी मजकुरातली जागा पकडता येते.

याचे आपल्या रोजच्या कामातले उदाहरण म्हणजे लाख-कोटीचे स्वल्पविराम. १२३४५६७ या आकड्याचे १२,३४,५६७ करायचे आहे. एकही अंक बदलायचा नाही, फक्त दोन सांध्यांवर चिन्ह घालायचे. म्हणून नमुना असा लिहायचा: अशी जागा शोध, जिच्या मागे अंक आहे आणि जिच्या पुढे आकड्याच्या शेवटापर्यंत तीन अंक, किंवा तिनात दोनच्या पटीत भर घालून होतील तेवढे अंक आहेत. शेवटून तीन अंकांवर एक जागा सापडते, पाच अंकांवर दुसरी. सातव्यावर आकड्याचा आरंभ आहे, मागे अंक नाही, म्हणून ती सुटते. दोन्ही जुळण्या शून्य लांबीच्या. त्यांच्या जागी स्वल्पविराम घातला की काम झाले. अशा शून्य लांबीच्या तुकड्यावर तारा लावायचा म्हटले, तर स्पेन्सरपद्धतीच्या बंदीत ते जमले नसते.

पर्लने बंदी उठवली आणि त्याऐवजी दोन पहारे बसवले. नमुन्याच्या पोटातला फेरा शून्य लांबीचे काही जुळवताना दिसला की तो तिथेच तोडायचा, हा पहिला. दुसरा ओळीवरच्या फेऱ्यासाठी: मागची जुळणी रिकामी होती का, एवढे लक्षात ठेवायचे; होती, तर त्याच जागी दुसरी रिकामी जुळणी चालणार नाही, मात्र भरीव चालेल. एडशी तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. एड विचारते, मागची जुळणी कुठे संपली? पर्ल विचारते, मागची जुळणी रिकामी होती का? 'अअ' रिकामी नव्हती. म्हणून तिच्या शेवटी 'शून्य अ' पर्लला मान्य, आणि '-ब--क-' मध्ये जोड रेघ येते. 'शून्य किंवा एक अक्षर, पण होईल तेवढे कमी' असा आळशी नमुना 'कखग' वर चालवून प्रत्येक जुळणीभोवती कंस घातले, तर पर्लचे उत्तर '<><क><><ख><><ग><>' असे येते. एकदा रिकामी, एकदा भरीव, आळीपाळीने. नियम कळला की हे उत्तर सुंदर वाटते. कळेपर्यंत भुताटकी वाटते. पर्लच्या दस्तऐवजात हा भाग सुरू होतानाच वाचकाला इशारा आहे, की पुढचा विषयही अवघड आहे आणि लेखनही, ते पुन्हा लिहायला हवे. तांत्रिक दस्तऐवजात इतका खरेपणा क्वचितच आढळतो.

पर्लचा नियम जगभर पोचवला तो केंब्रिज विद्यापीठातल्या फिलिप हेझल यांनी. एक्झिम हा मेल सर्व्हर लिहिताना त्यांना पर्लसारखी एक्स्प्रेशन्स हवी होती, म्हणून १९९७ मध्ये त्यांनी पीसीआरई ही लायब्ररी लिहिली. ती एका हाकेला एकच जुळणी देते. सगळ्या हव्या असतील तर फेरा तुम्ही लिहायचा. तो लिहिताना लोक कुठे अडखळतील हे हेझल यांना ठाऊक असावे, कारण लायब्ररीबरोबर दिलेल्या नमुना प्रोग्रॅममध्ये त्यांनी ते पायरीपायरीने दाखवले आहे. जुळणी रिकामी आली तर त्याच जागी 'या वेळी रिकामी नको' अशी खूण देऊन पुन्हा विचारा. नाही मिळाली तर एक अक्षर पुढे सरका. ओळ दोन चिन्हांनी संपत असेल तर दोन्ही ओलांडा. युटीएफ-८ असेल तर अक्षराचे सगळे बाइट ओलांडा. पीएचपी या भाषेतली रेग्युलर एक्स्प्रेशन्स याच लायब्ररीवर उभी आहेत.

ही काळजी सगळ्यांनी घेतली नाही. १९९९ च्या डिसेंबरात जावास्क्रिप्टच्या प्रमाणाची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात रेग्युलर एक्स्प्रेशनचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले. तिथला तोडगा सर्वांत सोपा: जुळणी रिकामी आली तर एक घर पुढे सरका. फेरा तुटतो हे खरे, पण त्याच जागी एखादी भरीव जुळणी थांबली असेल तर तिच्यावरून उडी पडते. 'दोन शब्द' या मजकुरात 'ओळीचा आरंभ, किंवा मोकळी जागा सोडून सलग अक्षरे' शोधायला सांगा. जावास्क्रिप्ट आधी आरंभाची रिकामी जुळणी देते, मग एक घर सरकते आणि दुसरी जुळणी म्हणून 'ोन' हातात ठेवते. द गेला. मात्रा लोंबकळत राहिली. पर्लला हाच प्रश्न विचारा, 'दोन' आणि 'शब्द' दोन्ही शाबूत मिळतात. जावाही जावास्क्रिप्टसारखीच एक घर सरकते.

शिवाय जावास्क्रिप्टमध्ये ही सरकण्याची सोय सगळीकडे नव्हती. बदल करणारी आणि सगळ्या जुळण्या एकदम देणारी आज्ञा आपणहून सरके, पण एकेक जुळणी मागणारी आज्ञा सरकत नसे. तिच्याभोवती फेरा लिहिला आणि नमुना रिकामा जुळू शकणारा निघाला, की ब्राउझर गोठला. जुन्या इंटरनेट एक्स्प्लोअररने इथे प्रमाण मोडून स्वतःच एक घर सरकायचे ठरवले. त्यामुळे त्याच्यावर चालणारा कोड दुसऱ्या ब्राउझरवर अडके आणि दुसऱ्यासाठी लिहिलेला कोड त्याच्यावर अक्षरे गाळे. याच भाषेत पूर्ण रिकामा नमुना तर लिहितासुद्धा येत नाही, कारण दोन तिरप्या रेघा शेजारी आल्या की तिथून पुढे टिप्पणी सुरू होते. त्याऐवजी '/(?:)/' असे पोकळ कंस लिहावे लागतात.

'एक घर पुढे' यातले घर म्हणजे काय, हाही प्रश्नच. अक्षर एकच असले तरी यंत्रात ते किती घरे व्यापते हे साठवणीवर ठरते. जावास्क्रिप्टचे घर सोळा बिटांचे. देवनागरीचे रोजच्या वापरातले प्रत्येक चिन्ह एका घरात मावते, पण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपी त्या पल्ल्याबाहेर आहे; मोडीचे प्रत्येक चिन्ह दोन घरे घेते. म्हणून मोडी मजकुरात रिकाम्या जुळणीच्या जागी रेघ घातली, तर जुन्या नियमाने ती अक्षराच्या मधोमध पडते आणि दोन्ही अर्धुके निरर्थक होतात. २०१५ च्या प्रमाणाने युनिकोडची खूण आणली. ती लावली तर सरकणे पूर्ण चिन्हाने होते.

पूर्ण चिन्ह म्हणजे पूर्ण अक्षर मात्र नव्हे. 'मराठी' हा शब्द युनिकोडच्या हिशेबी पाच चिन्हांचा आहे: म, र, काना, ठ, वेलांटी. रिकाम्या नमुन्याच्या जागी रेघ घातली तर ती र आणि त्याच्या कान्याच्या मध्येही पडते. शब्दाची सीमा ओळखणारी खूण ही जातीने रिकामी जुळणीच. तिने तर प्रत्येक भाषेत वेगळा गोंधळ घातला आहे. पायथनचे मूळ इंजिन काना-मात्रांना शब्दातले अक्षर मानत नाही, त्यामुळे 'मराठी' च्या पोटातच त्याला तीन सीमा दिसतात आणि सीमेवर तोडले तर 'मर', काना, 'ठ', वेलांटी असे तुकडे हाती येतात. पर्ल मात्रांना अक्षरांत धरते, तिथे शब्द अखंड राहतो. जावास्क्रिप्टची ही खूण फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा जाणते. तिच्या लेखी मराठी मजकुरात शब्दच नाहीत, मग सीमा कुठली? मराठीसाठी शोधाची साधने लिहिणाऱ्याने या खुणेवर विसंबू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

तोडण्याच्या आज्ञेतही घराघराचे नियम. रिकाम्या नमुन्यावर तोडले की पर्ल सुटी अक्षरे देते. जावा सातव्या आवृत्तीपर्यंत त्यांच्या आधी एक रिकामा तुकडा जोडून देत असे. २०१४ च्या आठव्या आवृत्तीने तो काढला. आजचे पायथन दोन्ही टोकांना एकेक रिकामा तुकडा देते. त्याच पायथनच्या साध्या, रेग्युलर एक्स्प्रेशनविना तोडण्याच्या आज्ञेला रिकामा विभाजक दिला तर ती चूक दाखवून नकार देते.

सर्वांत रंजक प्रवास पायथनचाच. १९९७ च्या अखेरीस आलेल्या १.५ आवृत्तीत त्याने पर्लच्या धर्तीची एक्स्प्रेशन्स घेतली, आणि इंजिनही पीसीआरईवर बेतलेले होते. पण बदलाच्या आज्ञेसाठी नियम निवडला तो सेडचा: आधीच्या जुळणीला चिकटलेली रिकामी जुळणी बदलायची नाही. २००० मध्ये फ्रेड्रिक लुंड यांचे नवे इंजिन बसले, नियम तोच राहिला. सगळ्या जुळण्यांची यादी देणाऱ्या आज्ञेला मात्र तो लावलेला नव्हता. परिणाम असा, की 'बअअक' मध्ये 'अ*' किती वेळा सापडते असे विचारले तर पायथन चार सांगे, आणि बदलायला सांगितले तर तीनच जागी बदल करी. एकाच लायब्ररीतल्या दोन शेजाऱ्यांचा हिशेब जुळत नव्हता. द गिळून 'ोन' देण्याचा दोषही यादीच्या आज्ञेत होता. तोडण्याची आज्ञा तर रिकाम्या जुळण्यांकडे पूर्ण दुर्लक्ष करी. शब्दाच्या सीमेवर तोड म्हटले तर मुकाट्याने सगळा मजकूर जसाच्या तसा परत.

२०१५ च्या ३.५ आवृत्तीत तोडण्याच्या आज्ञेने आधी इशारे द्यायला सुरुवात केली. २७ जून २०१८ रोजी ३.७ आली आणि सर्ही स्तोर्चाका यांच्या बदलांनी सगळा हिशेब एका रेषेत आणला. रिकाम्या जागीही आता तोडता येते. रिकाम्या जुळणीनंतर त्याच जागची भरीव जुळणी सापडते, म्हणजे गिळलेला द परत आला. आणि भरीव जुळणीला चिकटलेली रिकामी जुळणीही बदलली जाते. पायथन सेडच्या घराण्यातून उठून पर्लच्या घराण्यात गेले. '.*' म्हणजे 'काहीही, कितीही' हा नमुना देऊन पूर्ण ओळीच्या जागी एक शब्द घालणाऱ्या स्क्रिप्टांना त्याचा प्रसाद मिळाला: तो शब्द आता दोनदा येतो. एकदा ओळीच्या जागी, एकदा तिच्या शेवटच्या शून्याच्या जागी.

जुना नियम तरीही संपलेला नाही. २०१० मध्ये गूगलने आरई२ हे इंजिन खुले केले. ते लिहिणारे रस कॉक्स, ज्यांनी थॉम्प्सन यांची १९६८ ची पद्धत पुन्हा लोकांच्या नजरेस आणली. आरई२ चे बदल करणारे फंक्शन मागच्या जुळणीच्या शेवटाला लागून आलेली रिकामी जुळणी सोडून देते. ज्या गो भाषेच्या तीन जनकांत स्वतः थॉम्प्सन आहेत, तिच्या दस्तऐवजातही तोच नियम एका वाक्यात नोंदला आहे, आणि रस्टच्या लायब्ररीनेही तोच धरला. गोमध्ये 'बअअक' चे उत्तर '-ब-क-'. 'लॉक्स' हा पॉइंटर कोडमधून गेला, त्याचा निकाल राहिला.

यातले बरोबर कोण, असे मला विचाराल तर माझे मत दोन भागांत आहे. अक्षर गिळणारा 'एक घर सरका' हा तोडगा चूकच. जावास्क्रिप्ट तो आता बदलू शकत नाही, कारण त्याच्यावर उभी असलेली जुनी पाने मोडतील, पण म्हणून त्याला बरोबर म्हणायचे कारण नाही. एड आणि पर्ल यांच्यात मात्र मी बदलाच्या कामासाठी एडच्या बाजूने आहे. 'अ*' च्या जागी रेघ घाल म्हणणाऱ्या माणसाच्या मनात अअ या गटाला एक रेघ असते, दोन नव्हे. पर्लचा नियम सुसंगत आहे, तोडायला आणि जागा शोधायला तोच सोयीचा आहे, पण बदल करताना तो माणसाच्या मनातले न ऐकता शब्दशः बोललेलेच ऐकतो. पायथनने तिन्ही आज्ञांना एकच नियम लावला ते शिस्तीसाठी. मला वाटते बदलाच्या आज्ञेला जुना नियम ठेवून यादी आणि तोडणे सुधारले असते तरी चालले असते.

मत काहीही असो, काम करणाऱ्याला दोन्ही घराण्यांत वावरायचे आहे. ३.६ किंवा त्याआधीच्या पायथनसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट तुमच्याकडे अजून चालत असतील, तर नव्या आवृत्तीवर नेण्याआधी त्यांतल्या बदल करणाऱ्या ओळी शोधून काढा आणि तारा कुठे आहे ते पाहा. 'निदान एक तरी' असे म्हणायचे असेल तिथे तारा खोडून अधिक चिन्ह लिहा. 'अ+' ला 'बअअक' चे उत्तर सेड, पर्ल, पायथन, गो सगळीकडे 'ब-क' असेच येते. पूर्ण ओळ बदलायची असेल तर '.*' च्या आधी आरंभाची '^' ही खूण लावा. ओळीच्या शेवटी आरंभ नसतो, त्यामुळे दुसरी जुळणी होत नाही.